फ्रेंच प्रेसमधील पानांचा चहा

फ्रेंच प्रेस हे मूळचे कॉफीसाठी तयार झालेले, दट्ट्या व जाळी असलेले भांडे आहे. चहाची सुटी पाने या भांड्यात गरम पाण्यात ठरावीक वेळ मुरवून, जाळीने पाने अडवून गाळलेला चहा म्हणजे फ्रेंच प्रेसमधील पानांचा चहा होय. या पद्धतीत चहा उकळत नाहीत. पाण्याला वेगळ्या भांड्यात आधण आणून ते पानांवर ओततात. पाने पसरण्यास मिळणारी भरपूर जागा हा या पद्धतीचा मुख्य गुण आहे. दट्ट्या दाबल्यानंतरही पाने पाण्यातच राहतात, हा तिचा मुख्य दोष आहे. कॉफीच्या सवयीने दट्ट्या तळापर्यंत दाबून उरलेला चहा भांड्यातच ठेवल्यास तो काही मिनिटांत कडू व तुरट होतो. या भांड्यातील चहाविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ पानांत नसून या सवयीत असते.

नाव व रचना

फ्रान्समध्ये या भांड्याला दट्ट्याची कॉफीदाणी या अर्थाच्या नावाने ओळखतात. ब्रिटनमध्ये ‘काफेतिएर’ हा फ्रेंच शब्दच रूढ झाला आहे, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ‘प्लंजर’ म्हणतात. भारतात ‘फ्रेंच प्रेस’ हेच नाव प्रचलित आहे.

भांड्याचा मुख्य भाग म्हणजे प्रयोगशाळेतील चंचुपात्रासारखे उभट पात्र. ते बहुधा बोरोसिलिकेट काचेचे असते. पोलादी दुपदरी भांडीही मिळतात. झाकणातून एक दांडा खाली जातो. दांड्याच्या टोकाला तीन चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात : कडेला स्प्रिंग असलेली वरची चकती, मध्ये बारीक तारांची जाळी आणि जाळीला आधार देणारी खालची चकती. स्प्रिंगमुळे जाळीची कड काचेला टेकून राहते व कडेने पाने वर येत नाहीत.

भांड्यावर लिहिलेली ‘कप’ची संख्या फसवी असते. ‘तीन कपां’च्या भांड्यात सामान्यतः ३५० मिलि. व ‘आठ कपां’च्या भांड्यात १ लिटर पाणी मावते. म्हणजे हा कप सुमारे सव्वाशे मिलिलिटरचा असतो. नेहमीच्या मोठ्या मगाने चहा पिणाऱ्या दोघांना तीन कपांचे भांडे जेमतेम पुरते. चहाचे प्रमाण कपांवरून न ठरवता पाण्याच्या मिलिलिटरवरून ठरवावे, हे यासाठीच.

इतिहास

दांड्याला जाळी जोडून कॉफी गाळण्याच्या साधनाचे पेटंट पॅरिसमधील मायर व देलफोर्ज यांनी १८५२ मध्ये घेतले. आजच्या भांड्याच्या जवळ जाणारी रचना मिलानमधील अत्तिलियो कालिमानी व जुलिओ मोनेता यांच्या १९२९ च्या पेटंटात आढळते. फालिएरो बोंदानिनी यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेली सुधारित आवृत्ती फ्रान्समध्ये तयार होऊ लागली आणि ती लोकप्रिय झाली. पुढे डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या बोडम या कंपनीने हे भांडे जगभर पोहोचवले. या सर्व वाटचालीत चहाचा विचार जवळजवळ नव्हता.

मोकळी पाने गरम पाण्यात मुरवण्याची रीत मात्र या भांड्याहून कितीतरी जुनी आहे. चीनमध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने १३९१ मध्ये दरबारी खंडणी म्हणून दाबलेल्या वड्यांच्या चहाऐवजी सुट्या पानांचा चहा घेण्यास सुरुवात केली. त्यानंतर चहाची भुकटी पाण्यात घुसळण्याची प्रथा मागे पडली व पाने मुरवण्याच्या लहान किटल्यांना महत्त्व आले. पानांना मोकळी जागा हवी, हा विचार पुढे इंग्लंडमध्येही दिसतो. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये चहावर लिहिलेल्या लेखात पाने पिशवीत किंवा गाळणीत न कोंडता थेट किटलीत टाकण्याचा आग्रह धरला होता. फ्रेंच प्रेस ही अट सहज पूर्ण करतो, आणि शिवाय कपात पाने पडू देत नाही.

पानातून पाण्यात काय उतरते

चहाचे पान पाण्यात पडल्यावर त्यातील सर्व द्रव्ये एकाच वेगाने विरघळत नाहीत. गंध देणारी द्रव्ये, थिअॅनिनसारखी अमिनो आम्ले व कॅफीन तुलनेने लवकर उतरतात. तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल वर्गातील द्रव्ये अधिक सावकाश आणि पाणी जितके गरम तितकी अधिक प्रमाणात उतरतात. हिरव्या चहात ही द्रव्ये मुख्यतः कॅटेचिनांच्या रूपात असतात. काळा चहा तयार होताना ऑक्सिडीकरणामुळे त्यांतील बराच भाग थिआफ्लेविन व थिआरुबिजिन यांत बदलतो. काळ्या चहाचा तांबूस रंग व जोर त्यांच्यामुळे येतो.

चहा मुरवणे म्हणजे या शर्यतीत योग्य क्षणी हस्तक्षेप करणे होय. गंध व गोडवा उतरलेला आहे, तुरटपणा अंगापुरता आला आहे, अशा वेळी पाणी आणि पाने वेगळी करावी लागतात. पाणी, पाने व वेळ यांचे कितीही नेमके माप घेतले, तरी ही विभागणी झाली नाही तर ते व्यर्थ जाते.

दट्ट्याचा प्रश्न

कॉफीची पूड पाण्यावर तरंगते व तिचा जाड थर वर साचतो. तो थर खाली ढकलणे हे दट्ट्याचे मूळ काम आहे. चहाच्या पानांचे वर्तन उलट आहे. कोरडी पाने सुरुवातीस काही वेळ तरंगतात, परंतु पाणी शोषून जड होताच ती आपोआप तळाशी बसतात. म्हणजे ज्या कामासाठी दट्ट्या आहे ते काम चहात पान स्वतःच करते. मग दट्ट्याचे कार्य एवढेच उरते, की चहा ओतताना पाने कपात येऊ न देणे.

दट्ट्या तळापर्यंत दाबल्याने चहा मुरण्याची क्रिया थांबते, हा समज चुकीचा आहे. जाळीला छिद्रे असतात. जाळीखाली दाबलेली पाने व वरचा चहा यांचा संपर्क या छिद्रांतून चालूच राहतो. तो थोडा मंदावतो इतकेच. पहिला कप उत्तम आणि दहा मिनिटांनी ओतलेला दुसरा कप काढ्यासारखा, असा अनुभव त्यामुळेच येतो. त्यातच जोराने दाबल्यास फुगलेली पाने पिळली जातात, त्यांच्यात अडकलेला दाट अर्क बाहेर येतो, पानांचे तुकडे पडतात आणि बारीक कण जाळीतून वर येऊन चहा गढूळ होतो.

ही अडचण उत्पादकांच्याही लक्षात आली होती. बोडमने ‘आसाम’ या नावाने विकलेल्या चहादाणीत पानांसाठी मध्यभागी वेगळी नळकांडी गाळणी असते. तिच्या वरच्या भागाला छिद्रे असून खालचा भाग बिनछिद्राचा ठेवलेला असतो. दट्ट्या खाली आला की पाने त्या बंद भागात अडकतात व उरलेल्या चहाशी त्यांचा संबंध तुटतो. साध्या फ्रेंच प्रेसमध्ये अशी सोय नाही. त्यात विभागणीचा एकच खात्रीचा मार्ग आहे : मुदत संपताच सगळा चहा ओतून घेणे.

या मार्गात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चहाची चव तपासण्यासाठी चहा कसा करावा हे ठरवणारे ‘आयएसओ ३१०३’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दर १०० मिलि. उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा घेऊन तो चिनी मातीच्या झाकणाच्या भांड्यात ६ मिनिटे ठेवण्यास सांगितले आहे. मुदतीनंतर भांडे कलते करून सर्व चहा वाडग्यात ओततात. पाने झाकणामागे अडून राहतात. व्यावसायिक चहापारखीदेखील विभागणी ओतूनच करतात, दाबून नाही. (याच विषयावरील सहा पानी ब्रिटिश मानकाला १९९९ मध्ये इग नोबेल हा विनोदी पुरस्कार मिळाला, तरीही पद्धत म्हणून ते अत्यंत काटेकोर आहे.) मानकाचा उद्देश चविष्ट चहा करणे हा नसून दोन नमुन्यांची समान अटींवर तुलना करणे हा आहे. म्हणून त्यातील प्रमाण व मुदत घरी जशीच्या तशी वापरल्यास चहा फार कडक होतो.

प्रमाण, तापमान व मुदत

घरगुती वापरासाठी दर १०० मिलि. पाण्याला १ ते १.२५ ग्रॅम पाने पुरतात. ३५० मिलि.च्या भांड्यास हे प्रमाण साधारण साडेतीन ते साडेचार ग्रॅम होते. चमच्याचे माप येथे दगा देते. घट्ट वळलेल्या ऊलाँगचा एक चमचा आणि मोठ्या, फुलारलेल्या पांढऱ्या चहाचा एक चमचा यांच्या वजनात मोठा फरक पडतो. स्वयंपाकघरात लहान वजनकाटा असल्यास एकदा वजन करून आपल्या चमच्याचे माप ठरवून घ्यावे.

आसाम व निलगिरीच्या पानांच्या काळ्या चहाला पूर्ण आधण आलेले पाणी लागते व ३ ते ५ मिनिटे पुरतात. वसंतात, मार्च-एप्रिलमध्ये खुडलेला दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा चहा काळ्या चहात मोडत असला तरी नाजूक असतो. त्याला ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे पाणी व सुमारे ३ मिनिटे योग्य. ऊलाँगला ८५ ते ९५ अंश आणि ३ ते ४ मिनिटे लागतात. हिरव्या चहासाठी ७० ते ८० अंश व २ ते ३ मिनिटे यांपुढे जाऊ नये. हिरवा चहा कडू लागतो अशी तक्रार करणाऱ्यांनी प्रथम पाण्याचे तापमान पाहावे.

तापमापक नसल्यास साध्या गणिताने काम भागते. खोलीतील पाणी २५ अंशांचे धरल्यास, दोन भाग उकळते व एक भाग साधे पाणी मिळून सुमारे ७५ अंशांचे पाणी मिळते; चार भाग उकळते व एक भाग साधे पाणी मिळून सुमारे ८५ अंशांचे. साधे पाणी पिण्यायोग्य असावे हे ओघानेच आले.

उकळत्या पाण्याचे तापमान सर्वत्र १०० अंश नसते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. मुंबईत पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते, पुण्यात सुमारे ९८ आणि १३५० मीटरांच्या आसपास असलेल्या महाबळेश्वरात ९५-९६ अंशांवर. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी ते ८८ अंशांच्या आसपास उकळते. तेथे आसामचा काळा चहा मुरण्यास अधिक वेळ द्यावा लागतो, तर पहिल्या बहराच्या दार्जिलिंगसाठी आधण निववण्याची गरज राहत नाही.

पाण्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी विहिरी व कूपनलिकांचे पाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेटमुळे चहावर तपकिरी साय धरते आणि काचेच्या भांड्याच्या कडेला तिचा कडा स्पष्ट दिसतो. लिंबाचे काही थेंब टाकल्यास आम्लतेमुळे ही साय धरत नाही, मात्र चव बदलते. गाळून क्षार कमी केलेल्या पाण्यात चहाचा रंग अधिक स्वच्छ येतो.

कृती

प्रथम भांडे गरम पाण्याने विसळून घ्यावे. थंड भांडे पाण्याची उष्णता शोषून घेते. शिवाय थंड काचेवर एकदम आधण ओतल्यास, विशेषतः तिला आधीच चरा गेलेला असल्यास, ती तडकू शकते. विसळलेले पाणी टाकून देऊन पाने घालावीत व त्यांवर पाणी ओतावे. वरची दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. पाने तरंगत राहिल्यास लाकडी चमच्याने एकदाच हलवावे.

झाकण ठेवावे, परंतु दट्ट्या वर ओढलेलाच असावा. मुदत संपल्यावर दट्ट्या सावकाश खाली आणून जाळी पानांच्या थराच्या किंचित वर थांबवावी. पाने तळाशी बसलेली दिसतात. काचेच्या भांड्याचा हा मोठा फायदा आहे. त्यानंतर सगळा चहा कपांत किंवा गरम केलेल्या दुसऱ्या किटलीत ओतावा. एकट्या माणसाने एक लिटरच्या भांड्यात पूर्ण भांडेभर चहा करून थोडा थोडा ओतत बसणे ही या साधनाची सर्वांत वाईट योजना होय. जितका लगेच ओतायचा आहे तितकाच चहा करावा, किंवा जवळ थर्मास ठेवावा.

दट्ट्या खाली जाताना अडल्यासारखा वाटला तर जोर लावू नये. वर ओढून पुन्हा हलकेच सोडावा. जबरदस्तीने गरम पाणी कडेने उसळून हात भाजण्याचे प्रकार घडतात.

ऊलाँग व चांगल्या प्रतीचा हिरवा चहा यांच्या पानांवर पुन्हा पाणी ओतून दुसरा, कधी तिसराही चहा करता येतो. प्रत्येक वेळी मुदत थोडी वाढवावी. पहिल्या वेळी भांडे पूर्ण रिकामे केलेले असेल तरच हे साधते.

महाराष्ट्रातील चहा आणि हे भांडे

मराठी घरांत चहा म्हणजे बहुधा चहाची भुकटी, साखर, आले किंवा गवती चहा व दूध यांसह उकळलेले पेय. ही भुकटी प्रामुख्याने सीटीसी प्रकारची असते. पाने दातेरी रुळांमधून चुरडून, फाडून व वळून तिचे दाणे करण्याचे हे तंत्र आसाममध्ये १९३० च्या सुमारास विकसित झाले आणि आज भारतातील बहुतांश चहा याच पद्धतीने तयार होतो. बारीक दाण्यांचे पाण्याला लागणारे एकूण क्षेत्रफळ मोठे असल्याने रंग व तुरटपणा झपाट्याने उतरतो. त्यात दूध पडले की दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलांना बांधून घेते व तुरटपणा सौम्य होतो. उकळलेला कडक चहा दुधासह रुचकर लागतो, तो या रासायनिक तडजोडीमुळे.

फ्रेंच प्रेस या चहासाठी नाही. भुकटीचे बारीक कण जाळीतून निसटतात, काही जाळीत अडकून ती तुंबवतात. दीड-दोन मिनिटांत चहा कडक होतो आणि दूध घालून उकळण्याची सोय भांड्यात नसते. काचेचे पात्र गॅसच्या शेगडीवर ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बोरोसिलिकेट काच गरम पाणी सहन करते, थेट ज्योतीसाठी ती या भांड्यात योजलेली नसते. दूधच हवे असल्यास आसामचा पानांचा चहा नेहमीपेक्षा थोडा कडक करून कपात गरम दूध घालावे. अमृततुल्यातील चहाची चव त्यातून येणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

उकळलेल्या चहाची सवय असलेल्या व्यक्तीची फसगत बहुधा रंगावरून होते. दार्जिलिंगच्या पहिल्या बहराच्या चहाचा रंग मुरल्यानंतरही फिकट सोनेरीच राहतो. रंग आला नाही म्हणून तो आणखी पाच-सात मिनिटे ठेवला जातो, दट्ट्या दाबला जातो, आणि ‘महागाचा चहा कडू निघाला’ असा निष्कर्ष काढून उरलेला डबा कपाटात पडून राहतो. अशा चहाची मुदत घड्याळावर ठरवावी, रंगावर नाही. शंका असल्यास चमचाभर चहा काढून चाखून पाहावा.

थंड चहा आणि इतर वनस्पती

थंड पाण्यात मुरवलेल्या चहासाठी मात्र हे भांडे सर्वांत सोयीचे आहे. एक लिटर पिण्याच्या थंड पाण्यात ८ ते १० ग्रॅम पाने घालून, दट्ट्या वर ठेवून भांडे फ्रिजमध्ये सुमारे आठ तास ठेवतात. थंड पाण्यात कॅटेचिने व कॅफीन कमी प्रमाणात उतरत असल्याने चहा मुळातच मवाळ होतो आणि थोडा अधिक वेळ राहिला तरी बिघडत नाही. उन्हाळ्यात हिरवा चहा व दार्जिलिंग यांना ही रीत विशेष मानवते. चहा खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवू नये.

गवती चहा, पुदिना, जास्वंद यांची पेये खऱ्या अर्थाने चहा नव्हेत, कारण ती कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाच्या पानांपासून होत नाहीत. उकळत्या पाण्यात पाच ते दहा मिनिटे ती निश्चिंतपणे ठेवता येतात. गवती चहाची पाने कात्रीने बारीक कापून घातल्यास गंध चांगला उतरतो. येथे दट्ट्या शेवटपर्यंत दाबण्यासही हरकत नाही.

स्वच्छता

ज्या भांड्यात कॉफी होते त्यात चहा करायचा असल्यास स्वच्छता हा कळीचा मुद्दा ठरतो. कॉफीतील तेलकट अंश तारांच्या जाळीत व स्प्रिंगच्या वेढ्यांत साचतो आणि त्याचा वास हलक्या चहात ओळखू येतो. वरवर विसळून तो जात नाही. दांडा फिरवून तिन्ही चकत्या सुट्या कराव्यात आणि गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्यात थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने घासाव्यात. जाळीची कड दुमडली किंवा तारा सुटल्या असतील तर जाळी बदलावी. अनेक उत्पादकांच्या जाळ्या सुट्या मिळतात. रोज दोन्ही पेये करणाऱ्यांनी चहासाठी वेगळे लहान भांडे ठेवणे अधिक सोपे.

काचेवर चढलेला चहाचा तपकिरी थरही सोड्याने निघतो. क्षारांचा पांढरा थर असल्यास पाण्यात थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून ते भांड्यात काही वेळ ठेवावे. चोथा मोरीत टाकल्यास नळी तुंबते. तो गाळणीत काढून निथळावा व कुंडीतील मातीत मिसळावा. त्यात दूध-साखर नसल्याने उकळलेल्या चहाच्या चोथ्याप्रमाणे त्यावर मुंग्या जमत नाहीत.